लपलेल्या वस्तूंचे रहस्य-खेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिडन ऑब्जेक्ट प्रकारचे रहस्य-साहसी खेळ मी पुष्कळ वर्षं खेळते आहे, तेही कॉम्प्युटरवर, माउस हातात धरून. साताऱ्यातल्या मैत्रिणी, ऑफिसातले सहकारी, सुट्टीत येणारी भाचरं यांना हे कळल्यापासून तेच तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. माहिती जिथे आहे तिथे माहिती, बाकी सगळी माझी मतं.

हे खेळ नेमके कसे असतात?

तुम्ही बहुधा गुप्तहेर असता. कुणीतरी बेपत्ता झालेलं असतं, किंवा एखाद्या गावात विचित्र गोष्टी घडत असतात. पडद्यावर एक चित्र येतं: जुनं ग्रंथालय, बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, बर्फात अडकलेलं हॉटेल. तिथे फिरायचं, कपाटं उघडायची, मिळेल ते गोळा करायचं आणि योग्य जागी वापरायचं. मधेच एखादा कोपरा चमकतो. तिथे क्लिक केलं की वस्तूंनी खच्चून भरलेलं चित्र उघडतं आणि खाली यादी येते: कात्री, कासव, बासरी, किल्ली. सगळं सापडलं की त्यातली एक वस्तू तुमच्याकडे राहते आणि ती पुढचं दार उघडते. शिवाय कुलपांची, चाकांची, सरकत्या ठोकळ्यांची कोडी असतात.

शोध, फिरणं आणि कोडी असं तिन्ही असलेल्या खेळांना खेळणारे थोडक्यात ‘होपा’ म्हणतात. हिडन ऑब्जेक्ट पझल अ‍ॅडव्हेंचरची ती आद्याक्षरं. फक्त शोधच असेल तर तो नुसता हिडन ऑब्जेक्ट.

नुसत्या वस्तू शोधायच्या, त्यात कसली आलीय मजा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं.

नुसत्या वस्तू शोधण्यात फार मजा नाहीच. ढिगाऱ्यातून कंगवा शोधा, मग बेडूक शोधा, मग ट्रम्पेट शोधा, असा खेळ अर्ध्या तासात कंटाळवाणा होतो. मजा येते ती शोधाला कारण असेल तेव्हा. समजा, एका डॉक्टरच्या घरात तुम्ही शिरलात. घरात मूलबाळ नाही असं त्यानं सांगितलंय. आणि त्याच्या टेबलाच्या खणात तुम्हाला लहान मुलाचा एक बूट सापडतो. यादीत तो ‘बूट’ म्हणूनच लिहिलेला असतो. तुम्ही क्लिक करता, तो यादीतून जातो, आणि पुढच्याच क्षणी मनात येतं की हा बूट इथे कसा? हे जमलं की खेळ जमला. घर स्वतःच साक्षीदार होतं. कुणी समोर येऊन गोष्ट सांगत नाही, ती तुम्ही वस्तूंवरून जुळवता.

माझी एकच कसोटी आहे. शोधलेली वस्तू त्या जागेची आहे का, आणि ती तिथे का आहे याला उत्तर आहे का? देवळात बेसबॉलची बॅट लपवणारा खेळ मी बंद करते. याउलट, एखादी सुई, दोरा आणि फाटकी बाहुली शोधायला लावून नंतर ती बाहुली शिवायला लावणारा आणि त्या शिवणीतून चिठ्ठी बाहेर काढणारा खेळ मी रात्री उशिरापर्यंत खेळते.

दुसरं कारण म्हणजे नीट बघणं. दिवसभर आपण पडद्यावर सरकवत सरकवत बघतो. इथे एकाच चित्राकडे पाच-सात मिनिटं बघत बसावं लागतं. मला ते फार हवंहवंसं वाटतं.

या खेळांची सुरुवात कुठून झाली?

चित्र दाखवून रहस्य सोडवायला लावणारा पहिला गाजलेला कॉम्प्युटर-खेळ म्हणजे रोबर्टा आणि केन विल्यम्स या जोडप्याचा ‘मिस्टरी हाउस’. तो १९८० साली अ‍ॅपल टू कॉम्प्युटरसाठी आला. साध्या रेघांची चित्रं आणि टाइप करून द्यायच्या आज्ञा. पुढे १९९३ साली ‘मिस्ट’ आला. निर्जन बेट, सुंदर स्थिर चित्रं, माउसनं क्लिक करत फिरणं, कुणाचीही घाई नाही. आजच्या होपा खेळांच्या फिरण्याची पद्धत मला तिथूनच आलेली दिसते.

पण यादी देऊन वस्तू शोधायला लावणारा प्रकार घराघरात नेला तो सिॲटलच्या बिग फिश गेम्स या कंपनीनं. त्यांच्या ‘मिस्टरी केस फाइल्स’ मालिकेतला पहिला खेळ ‘हंट्सव्हिल’ २००५ च्या नोव्हेंबरात आला. त्यात वेळेची मर्यादा होती, फिरणं जवळजवळ नव्हतं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘रेव्हनहर्स्ट’नं एका जुन्या हवेलीची आणि तिथे कोंडल्या गेलेल्या एमाची गोष्ट आणली. दारांवर एकात एक गुंतलेल्या यंत्रांची कुलपं आणली. २००८ च्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’मध्ये खोल्याखोल्यांतून फिरणं आलं, आणि मग बाकीच्या कंपन्यांनी तोच मार्ग धरला. माझ्या मते या प्रकारातला खरा वळणबिंदू तोच खेळ आहे.

त्यानंतर हे काम मोठ्या प्रमाणात पूर्व युरोपात गेलं. पोलंडमधल्या झाब्झे शहरातली आर्टिफेक्स मुंडी, सर्बियातल्या नोव्ही सादची आयपिक्स, युक्रेनची फाइव्ह-बीएन. म्हणूनच इतक्या खेळांत बर्फ, पाइनची झाडं आणि गॉथिक चर्च दिसतात. ती त्या कलाकारांच्या डोळ्यांसमोरची, ओळखीची दृश्यं आहेत.

पहिला खेळ कोणता घ्यावा?

आर्टिफेक्स मुंडीचा ‘एनिग्मॅटिस: द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक’. २०११ चा आहे, पण आजही नव्या माणसाला मी तोच सुचवते. छोट्या गावात मुली नाहीशा होतात आणि तुम्ही तपास करता. यात एक पुराव्यांचा फळा आहे. सापडलेले कागद, फोटो, जबाब त्यावर लावायचे आणि कुणाचा कुणाशी संबंध आहे ते स्वतः जोडायचं. शोधाला कारण हवं असं मी वर म्हटलं, ते या फळ्यामुळे इथे साधतं. याचे पुढचे दोन भागही आहेत, ‘द मिस्ट्स ऑफ रेव्हनवूड’ आणि ‘द शॅडो ऑफ कार्खाला’.

परीकथा आवडत असतील तर ब्लू टी गेम्सच्या ‘डार्क पॅरेबल्स’ मालिकेतला २०१० चा ‘कर्स ऑफ ब्रायर रोझ’ घ्या. त्यांची खासियत म्हणजे यादीच नाही. एखाद्या दागिन्याचे किंवा मूर्तीचे तुकडे शोधायचे आणि ते जुळून ती वस्तू तयार होते. तुकडे शोधताना तुम्ही काय घडवताय हे दिसत राहतं, म्हणून ही पद्धत मला यादीपेक्षा कितीतरी सरस वाटते.

यादीचा कंटाळा असेल तर ‘ड्रॉन: द पेंटेड टॉवर’ बघा. बिग फिशचाच, २००९ चा. मनोऱ्यात अडकलेली एक चित्रकार मुलगी आणि तिच्या चित्रांत शिरून सोडवायची कोडी. इतका सुंदर रंगवलेला खेळ या मंडळींनी पुन्हा क्वचितच केला.

मालिकेतले खेळ क्रमानेच खेळायला हवेत का?

बहुतेक वेळा नाही. अपवाद रेव्हनहर्स्टचा. तिथे आधीचा भाग माहीत नसेल तर नंतरच्या भागातल्या माणसांचा राग का यावा हेच कळत नाही. एनिग्मॅटिसचे तीनही क्रमाने खेळा.

इंग्रजी बेताचं आहे. जमेल का?

जमेल. गोष्टीतलं इंग्रजी साधं असतं. आणि संवाद वाचायला वेळ मिळतो, कारण क्लिक केल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

अडचण येते ती वस्तूंच्या यादीत. ओकच्या झाडाचं फळ, बोटात घालायचं शिवणाचं टोपण, घोड्याचा नाल, नाताळातला मोजा, कोरलेला भोपळा. या वस्तू आपल्या घरात नसतात, त्यामुळे शब्द कळूनही डोळ्यांपुढे आकार येत नाही. माझ्या आईला मी आधी असे खेळ दिले ज्यात यादीऐवजी वस्तूंच्या काळ्या सावल्या दाखवतात. आकार दिसला की ती माझ्याआधी बोट ठेवायची. शब्द हळूहळू आले. ‘डार्क पॅरेबल्स’ची तुकड्यांची पद्धतही यासाठी उत्तम.

मला वस्तू दिसतच नाहीत. डोळ्यांचा दोष की सरावाचा?

दोन्ही नाही. चित्रकारानं त्या दिसू नयेत म्हणूनच काढल्यात, आणि तो तुमच्या डोळ्यांची सवय ओळखून आहे.

१९८० साली अ‍ॅन ट्रिझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी नजरेच्या शोधाबद्दल एक सिद्धान्त मांडला. हिरव्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका असेल तर तो आपोआप उठून दिसतो, ठिपके कितीही असोत. पण रंग आणि आकार दोन्ही जुळवून शोधायचं असेल, म्हणजे लाल चौकोन, हिरवे गोल आणि लाल गोल यांच्या गर्दीतून हिरवा चौकोन, तर लक्ष एकेका वस्तूवरून जात जात शोधावं लागतं आणि गर्दी वाढली की वेळही वाढतो. हिडन ऑब्जेक्टचे चित्रकार नेमकं हेच करतात. कोणतीही वस्तू एकाच गुणानं उठून दिसणार नाही याची काळजी घेतात.

त्यांच्या हातातल्या युक्त्या तशा ठरलेल्या आहेत. पहिली, रंग मिसळणं: तपकिरी व्हायोलिन तपकिरी भिंतीवर. दुसरी, मापात फेरफार: कपाटाएवढा चमचा किंवा नखाएवढी खुर्ची. आपलं मन चमचा शोधताना चमच्याएवढंच काहीतरी शोधतं. तिसरी, कडा जुळवणं: छत्रीचा दांडा खिडकीच्या गजाच्या रेषेत उभा केला की तो गजच वाटतो. ही सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारी. चौथी, अर्धं झाकणं. ही मात्र आळशी युक्ती आहे. कासवाची फक्त शेपटी दाखवून ‘कासव शोधा’ म्हणणं मला पटत नाही, कारण तिथे बघणाऱ्याचं कौशल्य उरत नाही.

म्हणून शोधताना असं करा. यादीतल्या दोन-तीनच वस्तू मनात घ्या, सगळी यादी नको. चित्राचे उभे पट्टे पाडल्यासारखे डावीकडून उजवीकडे बघत जा. मधल्या भागावर नजर आपोआप जाते, म्हणून कडा आणि वरचे कोपरे मुद्दाम बघा; छताला बऱ्याच गोष्टी लटकलेल्या असतात. भिंतीवरच्या चित्रांच्या आत बघा. गालिच्याची नक्षी बघा. आणि एक सरळ रेघ जिथे विनाकारण थांबते किंवा वळते, तिथे काहीतरी आहे असं समजा.

एवढं करून दिसलं नाही तर उठा, चहा ठेवा, परत या. खूपदा परत येऊन बसताक्षणी दिसतं.

हिंट वापरली तर ती लबाडी का?

अजिबात नाही. न सापडणारी वस्तू दाखवणारं हिंटचं बटण खेळ बनवणाऱ्यांनीच दिलंय आणि ते पुन्हा भरायला वेळ लागतो, तोही त्यांनी विचार करूनच ठेवलाय. गोष्ट थांबू नये म्हणून ते आहे. एखादी वस्तू वाईट काढली असेल तर त्यासाठी अर्धा तास घालवण्यात शौर्य नाही.

लबाडीपेक्षा वाईट सवय वेगळी आहे: चित्रभर धाडधाड क्लिक करत सुटणं. बरेच खेळ अशा वेळी काही सेकंद माउसचा बाण अडकवून ठेवतात. बरोबरच करतात.

कोड्यांची हिंट मात्र मी उशिरा घेते. कोडं वगळायचं ‘स्किप’ बटण असतं, ते फक्त सरकत्या चौकोनांच्या कोड्याला वापरते. ते कोडं या खेळांत इतक्या वेळा येऊन गेलंय की आता त्यात शोधण्यासारखं काही शिल्लक नाही.

सोपी पातळी घ्यावी की अवघड?

पहिल्यांदा सोपी. अवघड पातळीत फक्त चमक बंद होते आणि हिंट कमी होते, गोष्ट तीच. काही खेळांत प्रत्येक सोय वेगळी चालू-बंद करता येते. तिथे मी चमक बंद ठेवते आणि नकाशा चालू. कुठे जायचं हे कळावं, पण तिथे काय बघायचं हे माझं मला शोधू द्यावं.

सगळ्या गोष्टी सारख्याच वाटतात. खरं का?

पुष्कळ अंशी खरं, आणि मला याचं वाईट वाटतं. पळवून नेलेली मुलगी, शापित नवरी, वेड्यांचं इस्पितळ, सर्कस, आणि पहिल्याच दृश्यात फार गोड बोलणारा माणूस शेवटी खलनायक. सलग काही खेळ खेळलात की तो कोण हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

त्याहून मला खटकतो तो तर्काचा अभाव. दोरी कापायला चाकू हवा. चाकू पेटीत. पेटीला बिल्ल्याचा अर्धा भाग हवा. तो अर्धा भाग विहिरीत. विहिरीत उतरायला दोरी हवी, आणि आपल्यासमोर दोरी आहे तीच मुळात कापायची आहे! माणसं अशी राहत नाहीत. स्वतःच्या घराच्या खिडकीला कुणी तीन रत्नांचं कुलूप लावत नाही. त्या कुलपामागे एक संशयी, भेदरलेला घरमालक आहे असं खेळानं आधी दाखवलं, तर तेच कुलूप एकदम पटतं. रेव्हनहर्स्टची दारं मला म्हणूनच पटली. ती बनवणारा चार्ल्स डॅलिमार हा माणूस तसाच आहे.

चांगल्या गोष्टींची उदाहरणं आहेत. ‘मॅडम फेट’मध्ये जत्रेतली भविष्य सांगणारी बाई स्वतःच्याच मृत्यूचा तपास तुमच्याकडे सोपवते, तेही आधीच. ‘डायर ग्रोव्ह’मध्ये बेपत्ता विद्यार्थ्यांनी मागे ठेवलेल्या व्हिडिओ टेप शोधत तुम्ही बर्फातल्या निर्मनुष्य गावात फिरता, टेपमधली माणसं खऱ्या नटांनी साकारलेली. एकेक टेप सापडत जाते तशी थंडी वाढत जाते. तिथे शोधलेली वस्तूच गोष्ट सांगते.

मुलांना द्यावेत का? फार भीतीदायक असतात का?

रक्तपात सहसा नसतो. पण अंधारे इस्पितळ, डोळे फिरवणाऱ्या बाहुल्या, आरशातला चेहरा हे भरपूर. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना मी रहस्य-खेळ एकटं खेळायला देणार नाही.

त्यांच्यासाठी ‘हिडन फोक्स’ आणा. २०१७ चा आहे. काळ्या-पांढऱ्या रेघांची हातानं काढलेली प्रचंड मोठी चित्रं, त्यात शेकडो छोटी माणसं, आणि सगळे आवाज माणसांनी तोंडानं काढलेले. झाडं हलवली, तंबू उघडले की कुणीतरी सापडतं. माझी भाची आणि मी तो मांडीला मांडी लावून खेळतो. भीती नाही, घाई नाही, आणि मोठ्यांनाही तेवढाच अवघड. ‘हिडन थ्रू टाइम’ही याच जातीचा, थोडा सोपा.

कलेक्टर्स एडिशन घ्यावी की साधी?

साधी. कलेक्टर्समध्ये एक जादा प्रकरण, वॉलपेपर, संगीत, मार्गदर्शक पुस्तिका, लपवलेली नाणी किंवा रूप बदलत राहणाऱ्या वस्तू असतात. जादा प्रकरण बहुधा मूळ गोष्ट संपल्यावरचं शेपूट असतं. पण मूळ गोष्टीचा शेवटच कापून जादा प्रकरणात ठेवला असेल, तर तो खेळच घेऊ नका.

पैसे घालवण्याआधी कसं कळावं की खेळ आवडेल?

बिग फिशच्या खेळांना पहिला तास फुकट खेळून बघायची पद्धत आहे. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळ रुपयांत मिळतात, सेलमध्ये पुष्कळ स्वस्त होतात, आणि विकत घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. हे खेळ सहसा चार-पाच तासांत संपतात, म्हणजे दोन तासांत तुम्हाला जवळजवळ अर्धा खेळ कळलेला असतो.

पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या फुकट कॉपी घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो हा एक भाग. दुसरा भाग असा की हे खेळ छोट्या चमूंनी केलेले असतात आणि प्रत्येक दृश्य कुणीतरी हातानं रंगवलेलं असतं. त्यांचे पैसे त्यांना मिळायला हवेत.

मोबाइलवरचे फुकट खेळ का नको?

सगळेच नको असं नाही. फाइव्ह-बीएनच्या ‘लॉस्ट लँड्स’सारखे, सलग गोष्ट असलेले खेळ मोबाइलवरही चांगले चालतात, टॅब असेल तर उत्तमच.

पण मोबाइलवरच्या ज्या खेळांत ‘एनर्जी’ असते, ते मला रहस्य-खेळ वाटत नाहीत. एनर्जी संपली की थांबा किंवा पैसे द्या. पुढचं प्रकरण उघडायला तेच दृश्य पुन्हा पुन्हा शोधा, वेळ कमी करत करत. दुसऱ्या वेळेला तुम्ही शोधत नसता, आठवत असता. रहस्य तिथेच संपतं. गोष्टीचा शेवटही कधी येत नाही, कारण शेवट आला तर खेळ थांबेल. खुनी कोण हे कधीच न सांगणाऱ्या गोष्टीत मला रस नाही.

शिवाय सहा इंचांच्या पडद्यावर एवढी बारीक चित्रं बघणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

माझा लॅपटॉप जुना आहे. चालतील?

चालतील. चित्रं आधीच रंगवलेली असतात, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. साधारण एक-दोन जीबी जागा ठेवा. टचपॅडवर मात्र खेळू नका, साधा माउस घ्या. फार जुने खेळ चौकोनी पडद्यासाठी केलेले आहेत; रुंद पडद्यावर ते ताणले जातात. सेटिंगमध्ये जाऊन रुंदी मूळ ठेवा, बाजूला काळे पट्टे आले तरी चालेल. ताणलेल्या चित्रात वस्तूंचे आकार बिघडतात आणि शोधणं नाहक अवघड होतं.

पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा खेळलेलं वाया जातं का?

लॅपटॉपवर काळजी नाही. डेस्कटॉपवर यूपीएस किंवा घरचा इन्व्हर्टर नसेल तर दर थोड्या वेळानं मुख्य मेनूत जाऊन या. बहुतेक खेळ तेव्हा नोंद ठेवतात. अर्धवट शोधलेली यादी मात्र काही खेळांत पहिल्यापासून करावी लागते.

डोळ्यांना त्रास होत नाही का? साठीनंतर खेळावं का?

पडद्याकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी लवतो, त्यानं डोळे कोरडे पडतात. नेत्रतज्ज्ञ सांगतात तो नियम पाळा: दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा. आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो, मी तिकडे बघते.

साठीनंतर जरूर खेळा. वेळेची मर्यादा नाही, बोटांची चपळाई लागत नाही, हरणं नाही. यानं स्मरणशक्ती वाढते असा दावा मी करणार नाही. आनंद मिळतो, तेवढं कारण मला पुरतं. रंगांधळेपण असेल तर काही दृश्यं फार अवघड जातात. तिथे हिंट मनमोकळी वापरा. आर्टिफेक्स मुंडीच्या ‘नाइटमेअर्स फ्रॉम द डीप’मध्ये वस्तू शोधण्याऐवजी माहजाँग, म्हणजे चित्रांच्या सोंगट्यांच्या जोड्या जुळवायचा खेळ, खेळायची सोय आहे, तीही बघा.

आपल्याकडच्या गोष्टीवर असा खेळ का नाही?

हे मला स्वतःलाच इतक्या वर्षांत सतत वाटत आलंय. व्हिक्टोरियन हवेल्या खेळून खेळून पाठ झाल्या, आणि या प्रकाराला आपल्या जुन्या वाड्याइतकी योग्य जागा दुसरी सुचत नाही.

वाई-मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. चौकामागून चौक, अंधारे जिने, जाड भिंतींच्या पोटातली कपाटं, मागे उतरत गेलेला कृष्णेचा घाट. घाटावरच्या देवळात मोठी पोर्तुगीज घंटा आहे, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर आलेली. चर्चची घंटा कृष्णाकाठच्या देवळात! अशी वस्तू एखाद्या खेळात दिसली असती तर मी म्हटलं असतं, किती छान कल्पना. इथे ती खरी आहे. आणि मेणवली दफ्तराची कागदपत्रं मोडी लिपीत. मोडी हीच एक तयार कोड्यांची खाण आहे: हात न उचलता लिहिलेली, एकात एक गुंतलेली अक्षरं. खेळणाऱ्याला सुरुवातीला चार अक्षरं शिकवा, पुढच्या चौकात आणखी चार, आणि शेवटच्या खोलीत रुमालात बांधलेलं एक अख्खं पत्र वाचायला लावा. मी आनंदानं वाचेन.

साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर आहे. अष्टकोनी, १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय, आत दगडी महाल, कोरीव शिल्पं, पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या. महालाच्या खिडकीतून खाली पाणी दिसतं. या विहिरीवर एक पूर्ण प्रकरण होईल. मोटेचं चाक, नाडा, सोंदूर यांचं यंत्र जुळवलं की पाणी उतरतं आणि पाण्याखालची एक पायरी उघडी पडते.

आणि वस्तू! खलबत्ता, अडकित्ता, पानपुडा, चंची, घंगाळ, समई, रोवळी, सूप, दौत-टाक, कडीकोयंडा, देवघरातला संपुष्ट, माळ्यावरचा पाळणा. यातली एकही वस्तू लपवायला बाहेरून आणावी लागणार नाही. कोनाड्यात, फडताळात, उतरंडीत, जात्याच्या खाली, धान्याच्या पेवात, त्या तिथल्याच आहेत. उतरंडीच्या तळाच्या मडक्यात काहीतरी ठेवायचं ही आपल्या आजीपणजीची पद्धत. म्हणजे लपवणारी माणसंही आपल्याकडे तयार आहेत आणि त्यांची कारणंही: सासऱ्यांपासून लपवलेलं पुस्तक, भावकीपासून लपवलेला खरेदीखताचा कागद, विधवेनं जपलेलं डोरलं. या वस्तू सापडल्या की गोष्ट वेगळी सांगायला नको.

भुतं आणायची तर आणा, पण नसली तरी चालेल. वाटणीचा दावा हे पुरेसं मोठं रहस्य आहे.

आवाजासाठी कृष्णामाईच्या यात्रेतला ढोल, पहाटेचं जातं, गव्हाणीतल्या बैलांच्या घंटा. औंधला श्री भवानी संग्रहालयात पंतप्रतिनिधींनी जमवलेला संग्रह आहे. चित्रकारांनी आठवडाभर तिथे वही घेऊन बसावं, रंग कुठून आणायचे हे विचारावं लागणार नाही.

पण असा खेळ बनवणार कोण?

आपल्या इंजिनिअरिंग आणि कलाशाखेची मुलं. हा प्रकार लहान चमूला झेपणारा आहे. त्रिमितीय जग उभारावं लागत नाही, स्थिर चित्रं लागतात. गोडोसारखं गेम इंजिन, म्हणजे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, पूर्णपणे मोफत आहे. खरी गरज आहे ती चांगल्या चित्रकाराची आणि त्याहून जास्त, वाडा माहीत असलेल्या लेखकाची. सुरुवातीला पूर्ण खेळ नको. एक माजघर, वीस वस्तू, एक कुलूप आणि एक पत्र एवढंच करा. कुणी करत असेल तर मला सांगा, वस्तूंची यादी मी करून देते, चाचणीलाही बसते.

दोघांनी मिळून खेळता येतात का?

हीच सगळ्यात चांगली पद्धत. खेळ एकट्याचा म्हणून विकला जातो, पण एकानं माउस धरावा आणि दुसऱ्यानं नुसतं बघावं. बघणाऱ्याला नेहमी आधी दिसतं. एकच नियम ठेवा: माउसवाल्यानं विचारल्याशिवाय पडद्याला बोट लावायचं नाही.

एकदा संपवलेला खेळ पुन्हा खेळावा का?

वर्षभरानं, हो. यादीतल्या वस्तू बऱ्याच खेळांत दर वेळी थोड्या बदलतात, आणि गोष्ट माहीत असल्यामुळे आधी न दिसलेले धागे दिसतात. ‘एनिग्मॅटिस’ पुन्हा खेळताना पहिल्याच घरातल्या भिंतीकडे नीट बघा. तिथे काय आहे ते इथे सांगत नाही.